नात्यात नसलेली तिसरी व्यक्ती

४ ऑगस्ट १९९७, सोमवार
डिकेटर, इलिनॉय

मार्लीस,

'प्रिय' लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच. येत्या दोन-तीन आठवड्यांत तुला तुमच्या काउंटीच्या कचेरीतल्या मिसेस प्रुइट नावाच्या बाईंचा फोन येईल. त्या माझ्याबद्दल चार प्रश्न विचारतील. तुझा नंबर त्यांना मी दिला, आणि तुला न विचारता दिला. फोन करूनच सांगणार होतो, पण आपण दोघं फोनवर चौथ्या मिनिटाला भांडायला लागतो, आणि 'काय असेल ते लिहून कळव' हे तुझंच म्हणणं आहे.

तर झालं असं. तुमच्या मिलबर्नमधले वजनमापे निरीक्षक, ते उंच टिबेट्स, सप्टेंबरात निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी मी अर्ज केला आहे. किराणा दुकानांतले काटे, पेट्रोल पंप, धान्याच्या कोठारांवरचे ट्रकचे वजनकाटे तपासायचे. म्हणजे आज मी करतो तेच काम, फक्त चार राज्यांऐवजी एका काउंटीत, आणि रोज संध्याकाळी घरी. पगार कमी आहे. त्याची मला पर्वा नाही.

अर्जात शेवटी तीन नावं मागतात. दहा वर्षांहून जास्त ओळखणारी, नात्यात नसलेली माणसं. मी म्हटलं, हे काय, दोन मिनिटांचं काम. मार्लीस, त्या तीन ओळींपुढे मी पाऊण तास बसून होतो. पहिलं नाव पाद्रीसाहेबांचं घातलं. ते मला नाताळात भेटतात आणि क्लिफर्ड म्हणतात. दुसरं एमेट न्हाव्याचं. त्याला माझं डोकं बारा वर्षं माहीत आहे, निदान बाहेरून तरी. तिसरं सुचेना. मालकाचं, म्हणजे डॉईलचं, देता येत नाही, कारण मी दुसरीकडे बघतोय हे त्याला कळलं तर आहे ती नोकरीही जाईल. एकतीस गावांतल्या हॉटेलवाल्या बायकांना मला अंडी कशी लागतात ते पाठ आहे, पण आडनाव एकीलाही सांगता येणार नाही.

मग लक्षात आलं की तू मला अठरा वर्षं ओळखतेस, आणि गेली तीन वर्षं नात्यात नाहीस. खात्री करायला मिसेस प्रुइटना फोन लावला. "घटस्फोट कायद्याने पूर्ण झालाय ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "मग नियमात बसतं. पण मिस्टर ओस्टरमन, बावीस वर्षं मी हे अर्ज घेतेय, असं नाव कुणी दिलेलं नाही. बघा बाबा, विचार करा."

विचार केला आणि दिलं. कारण तुला सांगायला नको. बेथनी चौदाची झाली. चार वर्षांनी कॉलेजला गेली की गेली. कोर्टाने मला महिन्यातले दोन शनिवार-रविवार दिले होते, त्यातले निम्मे मी कुठल्या ना कुठल्या कोठारावर घालवले. तुमच्या गावात राहिलो तर ती मला रस्त्यात सहज दिसेल, ठरवल्याशिवाय. मला तेवढं हवं आहे.

पुढच्या तीन आठवड्यांतल्या मोटेलांचे पत्ते सोबत जोडले आहेत. 'नाही' म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण.

क्लेटन

११ ऑगस्ट, सोमवार
पडूका, केंटकी

मार्लीस,

तुझं कार्ड इथे माझ्या आधी येऊन बसलं होतं. 'नेहमीप्रमाणे आधी केलंस, मग विचारलंस. काय प्रश्न आहेत ते तरी कळव.' दोनच ओळी, पण 'नाही' त्यात कुठे नाही. मी कार्ड उलटून मागेही पाहिलं.

प्रश्न असे. हा माणूस वेळेवर येतो का? प्रामाणिक आहे का? लोकांशी कसा वागतो? आणि शेवटी, असा माणूस आपल्या गावात असावा असं तुम्हाला वाटतं का? हे चार मला मिसेस प्रुइटनीच वाचून दाखवले. चौथा कोणी घातला असेल याचं मला फार कुतूहल आहे. टिबेट्सच्या आधी कुणी तरी भलताच माणूस नेमला गेला असणार.

बायोडाटा फॅक्सने पाठवायचा होता, तो इथल्या मोटेलच्या काउंटरवरून पाठवला. तिथे नेडिन म्हणून एक बाई बसतात, साठीच्या असतील. कागद मशीनमध्ये घालायच्या आधी त्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला. मी म्हटलं, बाई, तो माझा खाजगी कागद आहे.

"आहे ना," त्या म्हणाल्या, "म्हणून तर हळू वाचतेय. अहो ओस्टरमन, नोकरी कसली बघताय तुम्ही?"

"घरी राहण्याची."

"मग इथे काय लिहिलंय बघा. सगळ्यात वर, ठळक. 'वर्षातले दोनशे दिवस प्रवासाची तयारी, कधीही, कुठेही.'"

एकोणीस वर्षं तेच वाक्य वर आहे, मार्लीस. बाकीचं सगळं बदललं, पत्ता बदलला, 'विवाहित' खोडलं, पण ते वाक्य मला दिसलंच नाही. नेडिनबाईंनी पांढऱ्या शाईची बाटली काढली आणि स्वतःच पुसलं. वर फुंकर मारत म्हणाल्या, "तुम्ही फिरती माणसं सगळी सारखीच. परवा एक आला होता, बायकोला लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड पाठवत होता, त्यावर कंपनीचा शिक्का." मी हसलो, पण एक असंच कार्ड मीही तुला पाठवलं होतं, बहुतेक एक्क्याऐंशीत.

बाकी इथलं ठीक. इथल्या मोटेलात नाश्त्याला वॉफलचं यंत्र बसवलंय, आपलं आपण करून घ्यायचं. माझ्या मते हे यंत्र माणसाचा स्वभाव ओळखायला उत्तम. काही लोक घंटी वाजायच्या आत झाकण उघडून बघतात. असल्यांच्या हाती वजनकाटा देऊ नये.

क्लेटन

१५ ऑगस्ट, शुक्रवार
एफिंगहॅम, इलिनॉय

मार्लीस,

कार्ड मिळालं. या वेळी चार ओळी. 'वॉफलवर तुझं मत आहे. विमानात पुढची सीट मागे पाडणाऱ्यांवर आहे, पाय-पेस्ट्रीवर आहे, आयोवातल्या रस्त्यांवर आहे. १९८९ साली मी तुला विचारलं होतं की स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा. तू म्हणालास, तुला आवडेल तो. लोकांशी कसा वागतो याचं उत्तर मी काय देऊ?'

नाकाला मिरच्या झोंबल्या खऱ्या. पण दिवसभर गाडी चालवताना त्यावरच विचार करत होतो, आणि मला वाटतं मला कळलंय. मी घरी पाहुणा होतो. शुक्रवारी यायचं, सोमवारी निघायचं. पाहुणा जे पानात पडेल ते खातो आणि छान झालंय म्हणतो. पडद्यांचा रंग बदला असं पाहुणा सांगत नाही. सगळी मतं बाहेरच खर्च करायची सवय लागली. तुला मी आवडीचं स्वातंत्र्य देतोय असं मला खरंच वाटत होतं. तू एकटीच घर चालवत होतीस हे डोक्यात आलं नाही.

फिकट हिरवा. आठ वर्षं उशीर झाला, पण विचारलंस म्हणून सांगतो.

मुलाखतीचं बोलावणं आलं. गुरुवारी, २१ तारखेला, सकाळी दहाला. त्या दिवशी मी ओहायोत असायला हवा. डॉईलला फोन करून दाढ काढायची आहे म्हणून सांगितलं.

"पुन्हा?" तो म्हणाला. "क्लेटन, मार्चपासून तुझी ही चौथी दाढ. तोंडात काही उरलंय की नाही?"

मी म्हटलं, ही शेवटची.

"असू दे," तो म्हणाला. "निघाली तर सांग. म्हणजे तुझा ट्रक कुणाला द्यायचा ते मला बघायला लागेल." आणि फोन ठेवला. आता त्याला ठाऊक आहे की नाही, याचा मी काल सकाळपासून विचार करतोय. वीस माणसं त्याच्या हाताखाली आहेत आणि सगळ्यांचे दात खराब, हे त्याला कधी तरी विचित्र वाटलं असेलच.

आज इथल्या कोठारावर ट्रकचा काटा तपासला. आपली वजनं क्रेनने चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायची, तुला माहीत आहे. एका कोपऱ्यात चाळीस पौंड कमी दाखवत होता. म्हणजे शेतकऱ्याच्या प्रत्येक ट्रकमागे तेवढा मका कोठारवाल्याला फुकट. व्यवस्थापक म्हणाला, "अरे, पंधरा दिवसांवर हंगाम आलाय, आत्ता कुठे दुरुस्ती करत बसू? चालवून घे की. नोव्हेंबरात ये, मी स्वतः जेवायला घालतो." मी लाल चिठ्ठी लावली आणि काटा बंद करून आलो. त्याने मला जे काही म्हटलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. एकोणीस वर्षांत मी एकही काटा चालवून घेतलेला नाही. मिसेस प्रुइटनी दुसरा प्रश्न विचारला तर हे बेधडक सांग. प्रामाणिक आहे म्हणून

हे वाक्य अर्धंच राहिलं. पाकीट बंद करतो, उद्या लिहीन.

क्लेटन

१६ ऑगस्ट, शनिवार
एफिंगहॅम, इलिनॉय

मार्लीस,

कालचं पत्र सकाळी टाकलं. हे दुपारच्या टपालात जाईल. तुला मंगळवारी मिळावं असा हिशोब आहे, कारण मिसेस प्रुइट बुधवारी फोन करणार आहेत. त्याआधी तुझ्या हातात हे पडायला हवं.

तू त्यांना 'प्रामाणिक आहे' म्हणशील, मला माहीत आहे. माझ्यावर तुझ्या शंभर तक्रारी आहेत, पण खोटं बोलण्याची एकही नाही. काल ते वाक्य लिहिताना पेन अडकलं ते म्हणूनच. तुझ्याकडे पूर्ण माहिती नाही. अर्धवट माहितीवर तू सही करायची आणि त्यावर मला शिक्का मारण्याची नोकरी मिळायची, हे मला जमत नाही. मी रात्री... नाही, आज सकाळपासून तीन कागद फाडले.

तुझ्या वडिलांच्या अंत्यविधीचा दिवस. एप्रिल १९९३. दोन वाजता चर्च होतं, मी सव्वापाचला आलो. तोपर्यंत चर्चच्या तळघरातली जेवणं उरकून बायका खुर्च्यासुद्धा घड्या घालत होत्या. मी सांगितलं, ट्रकचा क्लच गेला, शँपेन शहराच्या अलीकडे रस्त्यातच पडून होतो. तुझ्या भावाने मला प्लेटमध्ये हॅम वाढून आणून दिलं.

क्लच गेला नव्हता. टस्कोलातला काटा सकाळी नऊलाच तपासून झाला होता. तिथून निघालो असतो तर बारापर्यंत तुझ्याजवळ असतो. कोठाराचा बर्डेट म्हणाला, पाय-पेस्ट्री खाऊन जा. बसलो. मका आत्ताच विकावा की जूनपर्यंत थांबावं यावर बोलत बसलो. आंबट रुबार्बची पाय-पेस्ट्री होती, साखर जास्त होती, त्यावरही मी बोललो. बर्डेट उठून गेला तरी मी बसून राहिलो. एक वाजला तेव्हा मला घड्याळ दिसत होतं, मार्लीस. आता निघालो तर पोचणार नाही हे मला कळत होतं आणि मी आणखी एक कॉफी मागितली.

तुझे वडील, ऑर्व्हिल, मला फार आवडायचे. त्यांना मी कधी बोललो नाही ते. ते पेटीत आहेत आणि तू रडते आहेस, अशा खोलीत आपण उभं कुठे राहायचं, हात कुठे ठेवायचे, हे मला माहीत नव्हतं. भीती वाटली. एवढंच आहे ते, याहून मोठं कारण शोधून मला सापडलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. मिलबर्नच्या अलीकडे पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली आणि चाकाच्या आसाचं काळं ग्रीस दोन्ही बाह्यांना चोळलं. क्लचचं खरं वाटावं म्हणून. तो पांढरा शर्ट तू दुसऱ्या दिवशी धुतलास. वडिलांना पुरून आल्यावर, मोरीशी उभी राहून, ब्रश घेऊन. मी दारातून बघितलं आणि अंगणात निघून गेलो.

आता तुझ्याकडे सगळं आहे. बुधवारी जे सांगायचं ते सांग. मिसेस प्रुइटनी नाही म्हटलं तर ते तुझ्यामुळे नसेल, आणि बेथनीलाही मी तसंच सांगीन.

क्लेटन

२२ ऑगस्ट, शुक्रवार
लायमा, ओहायो

मार्लीस,

तुझं कार्ड नाही. ना एफिंगहॅमला, ना इथे. त्यामुळे काल मुलाखतीला गेलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तुमच्या रस्त्याने गेलो नाही, कोर्टाच्या मागून वळसा घालून गेलो. तिथे एक नवीन शिवणकामाचं दुकान झालंय आणि बँकेचं घड्याळ अजून सात मिनिटं मागे आहे.

टेबलाच्या पलीकडे काउंटीचे तीन आयुक्त आणि कडेला मिसेस प्रुइट. त्या अगदी बुटक्या आहेत. आवाजावरून मला वाटलं होतं सहा फुटांच्या असतील. कामाचं सगळं वीस मिनिटांत झालं. मग मधले आयुक्त, हेगमन म्हणून कोंबड्यांचा धंदा असलेले, म्हणाले, "आता ते वाचा. मी केव्हाची वाट बघतोय."

मिसेस प्रुइटनी वही उघडली. पाद्रीसाहेबांनी क्लिफर्ड ओस्टरमनबद्दल फार चांगलं सांगितलं होतं. एमेटने सांगितलं की मी डोकं हलवत नाही. मग तुझं.

वेळेवर येतो का? "कामाला, हो. एक मिनिटही चुकत नाही."

प्रामाणिक आहे का? त्यांनी माझ्याकडे बघून वाचलं. "वजनांच्या बाबतीत कायम. स्वतःच्या बाबतीत चार वर्षं उशिरा, पण कुणी न विचारता."

माझ्याच्याने वर बघवेना. म्हणजे मंगळवारी पत्र मिळालं होतं. हेगमन म्हणाले, "याचा अर्थ काय?" मी म्हटलं, अर्थ बरोबर आहे, त्यात एक पौंडही इकडेतिकडे नाही. त्यांनी आणखी विचारलं असतं तर मी शर्टाचंसुद्धा सांगितलं असतं. विचारलं नाही.

लोकांशी कसा वागतो? "परक्यांशी उत्तम. घरच्यांशी सभ्यपणे. हे कौतुक नाही, असं लिहून घ्या." त्यांनी तसं खरंच लिहून घेतलं होतं.

मग चौथा. असा माणूस आपल्या गावात असावा का? मिसेस प्रुइटनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "इथे एक अडचण झालीय. मिसेस ओस्टरमन म्हणाल्या, याचं उत्तर माझं नाही, आणि रिसीव्हर दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. ती मुलगी चौदा वर्षांची आहे आणि नात्यातली आहे, म्हणजे नियमाने दोन्हीकडून बाद. पण मी लिहायला घेतलं होतं, ते लिहून गेले."

बेथनी म्हणाली होती, "मला माहीत नाही. डॅड शनिवारी बरे असतात. मंगळवारी कसे असतात ते मी कधी पाहिलंच नाही. पण मला बघायचंय."

हेगमन उठून खिडकीशी गेले आणि तिथूनच म्हणाले, "बाद असलं तरी वहीत राहू द्या." मी त्यांचे आभार मानले की नाही तेही मला आठवत नाही. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि कोर्टाच्या आवारात पार्किंगची पावती फाडणारा पोलीस काच वाजवून विचारायला लागला की बरं वाटतंय ना.

आज सकाळी इथे मोटेलवर मिसेस प्रुइटचा फोन आला. नोकरी मिळाली. ८ सप्टेंबरला, सोमवारी सुरू. डॉईलला लगेच सांगितलं. तो म्हणाला, "निघाली एकदाची," आणि माझ्या दाताला किती टाके पडले ते विचारलं. तुमच्या गावात एमेटच्या मेहुण्याची वरची खोली भाड्याने मिळतेय, चर्चच्या बाजूची. तुझ्या घरापासून अकरा मिनिटं चालत. त्याहून जवळ यायचा माझा विचार नाही, आणि तुझ्याकडून मी काही मागतही नाही. जे सांगितलंस ते खरं सांगितलंस, तेवढ्याबद्दल आभार मानतो.

फक्त थोडी माहिती हवी आहे, कारण ती दुसऱ्या कुणाकडेच नाही. बेथनी मंगळवारी शाळेतून किती वाजता येते? बसने येते की चालत? आल्या आल्या काही खाते, की कुणी बोललेलं चालत नाही? शाळेच्या बँडची तालीम अजून मंगळवारीच असते, की तेही बदललं? तिच्या मैत्रिणीचं नाव काय? माझी कल्पना होती की मी येऊन तिला बरंच काही सांगीन, पण आता यादी करायला बसलो तर सगळे प्रश्नच निघताहेत, आणि एकाचंही उत्तर मला येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो. माझ्या मुलीचा साधा मंगळवार मला माहीत नाही.

तिला विचारून लिही. किंवा तिलाच लिहू दे.

क्लेटन